आण्णांचा आकडा

पद्मजा मगदूमनं टेबलावर असा हात आपटला की डॉक्टर यास्मिन मुजावरांचा चहा बशीत सांडला.

"मॅडम, चाललं! बघा की! आकडे खाली आलेत! मी सांगत होतो न्हवं तुम्हाला?"

कोल्हापूरची पोरगी ही, 'सांगत होते' कुठली म्हणतेय! इंजिनिअरिंग शिकली पुण्यात, नोकरी केली बंगळुरात, पण आनंद झाला की जीभ थेट गंगावेशीतल्या आपल्या गल्लीत येऊन उभी राहायची. आणि त्या सकाळी आनंद व्हायला कारणही तसंच होतं. ज्या यंत्रापायी तिनं आणि यास्मिननं ऐन उमेदीची वर्षं घातली, रक्त आटवलं, ते 'पूरक' खरोखरच काम करत होतं.

पूरक म्हणजे काय, ते आधी सांगतो. माणसाचं शरीर स्वतःच अफूच्या जातीची द्रव्यं तयार करतं, ही काही नवी बातमी नव्हे. ठेच लागली की मेंदू एंडॉर्फिन सोडतो आणि कळ बोथट होते. पोट धरून हसलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, चौघांत बसून गप्पा हाणल्या, तरी तेच. पण हाड मोडलं, पोट फाडावं लागलं, की घरचा माल पुरत नाही. मग बाहेरून औषध द्यावं लागतं, आणि तेही अफूच्याच जातीचं. गोम इथं आहे. औषध गरजेपेक्षा जास्त पडत राहिलं की शरीराला आयतं खायची सवय लागते आणि ते आपलं दुकान बंद करून टाकतं. जखम भरून जाते, गोळी सुटत नाही, आणि चांगला संसारी माणूस औषधाच्या दुकानासमोर हात जोडून उभा राहतो.

पूरकनं ही गोमच पकडली होती. दंडावर चिकटवायची जुन्या रुपयाएवढी चकती, तिच्या पोटाला केसाहून बारीक सुया. शरीराचं स्वतःचं रसायन किती आहे ते त्या सुया कातडीखालच्या द्रवात सतत मोजायच्या, आणि जेवढं कमी पडतंय तेवढंच औषध आत सोडायच्या. थेंबभर जास्त नाही. बाहेरून किती वाटा जातोय, त्याचा आकडा फोनवर दिसायचा. शंभर म्हणजे सगळं उसनं, शून्य म्हणजे सगळं स्वतःचं. शस्त्रक्रियेनंतर आकडा चढलेला असायचा आणि जखम भरेल तसा उतरायचा. व्यसनाचा विषयच संपला, असं पद्मजाला वाटत होतं.

"सगळ्यांचे खाली आलेत असं नको म्हणूस," यास्मिन टेबल पुसत म्हणाल्या. "ही अकरा माणसं बघ. ही चढतायत."

"अकराच न्हवं? एवढ्या पेशंटांत अकरा म्हणजे—"

"नावं बघ आधी."

पद्मजानं बघितली. तिसरं नाव बाळगोंडा मगदूम, आकडा एकाहत्तर. ते तिचे वडील, आण्णा.

ऐंशीवर लाल रेघ होती. ऐंशी ओलांडलं की शरीर स्वतःचं रसायन कायमचं विसरायला लागतं, म्हणून पूरकला कुलूप पडायचं आणि पेशंटची रवानगी पुण्याच्या बंद वॉर्डात, कित्येक महिन्यांसाठी. तिथं औषध सुटायचं खरं, पण माणसंही सुटायची, आणि बरेच जण परत आल्यावर पुन्हा तिथंच घसरायचे. हा नियम पद्मजानं स्वतः लिहिला होता, आणि लिहिताना तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं.

आता आण्णांना बंद वॉर्डात! ज्या माणसाला चार भिंतींत बसून कधी जेवण गोड लागलं नाही, त्याला!

आण्णा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचे. संध्याकाळी म्हशी कट्ट्याला आणून बांधायच्या, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. दूध दोन घोटांत संपायचं, पण आण्णांच्या शिव्या खायला लोक तासभर थांबायचे. बायको लवकर गेली. आण्णांनी एकट्यानं पोरगी वाढवली, शिकवली. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायची कोल्हापूरची रीत. शिंगं रंगवलेली म्हैस मालकाच्या मोटरसायकलच्या आवाजामागं सुसाट धावते. अख्खं शहर विजेच्या मुक्या गाड्यांवर गेलं, पण मुक्या गाडीमागं म्हैस पळेना, म्हणून आण्णांनी एक जुनी पेट्रोलची गाडी जपली होती. गेल्या पाडव्याला तीच गाडी वळणावर घसरली, आण्णा खाली, गाडी वर. खुब्याचा चुरा झाला.

मग पद्मजानं काय केलं? लेकीनं करावं ते सगळं केलं. म्हशी चांगल्या घरी विकल्या, गोठ्याचं घर बंद केलं आणि आण्णांना आपल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. वरखाली होणारी खाट, सांगितलं की पाणी आणून देणारं यंत्र, दिवसभराला एक बाई. "आण्णा, आता काही करायचं नाही. नुसतं बसायचं आणि बरं व्हायचं." सगळी भावकी म्हणाली, लेक असावी तर अशी.

तर अशा माणसाचा आकडा चढत होता.

पद्मजानं आधी जनुकं धुंडाळली. अकराही जणांच्या रक्तात काहीतरी खोट असणार, ही तिची खात्री. अख्खा आठवडा ती जेवणसुद्धा विसरली, पण खोट काही सापडेना. आण्णांची जनुकं तर इतकी धडधाकट की यास्मिन म्हणाल्या, "यांची कलमं लावायला पाहिजेत."

मग यास्मिननंच अकरा जणांचे कागद पुन्हा वाचले, या वेळी रक्त सोडून. एकाची शस्त्रक्रियेनंतर नोकरी गेली होती. एकीला सासरच्यांनी माहेरी पाठवलं होतं. द्रौपदी सुतार नावाच्या बाई कारखान्याच्या कँटीनमध्ये वडे तळायच्या, तिथं तळायचं यंत्र आलं, आणि आता त्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊन एकट्याच राहत होत्या.

"पद्मजा, दुखणं सगळ्यांचं वेगळं आहे. पण ही सगळी माणसं कुठून ना कुठून बाजूला पडलेली आहेत," यास्मिन म्हणाल्या. "बाजूला पडलेल्या माणसाचा मेंदू मार बसल्यासारखाच कळवळतो. तारा त्याच आहेत. आणि आपलं पूरक ती कळ खुब्यातली की मनातली, हे विचारत नाही. कमी पडलं की भरतं."

"मॅडम!" पद्मजा खुर्चीतून उडालीच. "म्हणजे माणसं कमी पडायल्यात! एवढंच? अहो, कोल्हापुरात माणसांना काय तोटा!"

त्याच दुपारी तिनं भावकीच्या ग्रुपवर निरोप टाकला, आण्णांना भेटायला या. आणि माणसं आली की हो! आजाऱ्याला भेटायला जायचं म्हटलं की आपल्याकडं कुणी मागं राहत नाही. हातात बिस्किटाचा पुडा, पिशवीत मोसंबी, चेहरा दाराबाहेरच पाडलेला. खाटेभोवती खुर्च्या लागल्या. प्रत्येकानं अपघात पहिल्यापासून ऐकला आणि प्रत्येकानं च्च च्च केलं.

"काय होतासा आण्णा, आणि काय झालासा!"

"देवाला दया न्हाई बघा."

"आता जपा. लेकीच्या जिवावर दिवस काढायचे."

पद्मजा स्वयंपाकघरात फोन धरून उभी. बहात्तर. पंच्याहत्तर. खोली माणसांनी भरलीय आणि आकडा वर! अठ्ठ्याहत्तर! तिला कळेचना. यंत्र बिघडलं म्हणावं तर चकती शहाण्यासारखी चालू होती.

तेवढ्यात हिंदुराव आले. कट्ट्यावर आण्णांच्या शेजारीच म्हशी बांधणारे, आणि सगळ्या आयुष्यात आण्णांशी एक शब्द सरळ न बोललेले. बिस्किट नाही, मोसंबी नाही. आल्या आल्या म्हणाले, "बाळगोंडा, तुझी जागा मी घेतली बघ. माझ्या दोन म्हशी तिथं बांधल्यात."

आण्णा खाटेवर सरळ झाले.

"माझ्या जागंवर? तुझ्या म्हशी? हिंदू, तुझ्या म्हशीचं दूध म्हंजे धुणं खळबाळल्यालं पाणी!"

"मग उठून ये की कट्ट्यावर. हितं झोपून कशाला तोंड वाजवतोस?"

"येतो की! येतो आणि तुझ्या दाव्यासकट तुला बांधतो बेण्या!"

च्च च्च करणारी मंडळी घाबरून मोसंबी ठेवून पळाली. आणि आकडा? पद्मजानं डोळे चोळले. अठ्ठ्याहत्तरावरून सत्तर, सदुसष्ट, चौसष्ट! ती स्वयंपाकघरात एकटीच उड्या मारायला लागली. हिंदुराव निघाले तसं तिनं त्यांना लिफ्टपाशी गाठलं, "काका, उद्यापण येऊन भांडा की, पाया पडतो तुमच्या!" ते दुसऱ्या दिवशी बिचारे आले, भांडले, पण सांगून सवरून केलेलं भांडण ते. आण्णांनी दोन वाक्यांत ओळखलं. "तुला हिनं पाठवलंय व्हय?" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. आकडा शहात्तर.

आता पद्मजा पेटली. कोण आलं की काय होतं, ते मांडायचंच, असं तिनं ठरवलं. दाराच्या कुलुपात येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद होत होतीच. ती नोंद तिनं आण्णांच्या रेघेवर ठेवली. चुलत भाऊ आला, थोडा वर. दिवसभराची बाई आली, आहे तिथंच. आणि एक नाव असं होतं की ते दारात आलं की रेघ चढलीच म्हणून समजा, सकाळी, संध्याकाळी, एकदाही न चुकता.

ते नाव पद्मजाचं होतं.

तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. तिला आधी हसू आलं आणि मग सणकून राग आला. ज्या माणसाच्या जवळ राहायचं म्हणून कधीच बंगळूरची नोकरी सोडली, लग्नाचं पुढं ढकललं, त्याच माणसाला आपली विषबाधा व्हावी? ती तशीच घरी गेली. दार उघडलं आणि फोन आण्णांच्या समोर धरला.

"हे काय आहे, आण्णा? मी आले की तुम्हाला दुखतं?"

आण्णा रेघेकडं बघून म्हणाले, "मशीन खोटं बोलत न्हाई म्हणतीस न्हवं तू?"

"पण का?"

"तू दारातनं आलीस की पयलं माझ्या दंडाकडं बघतीस. मग तोंडाकडं."

पद्मजानं फोन खाली घेतला.

"समदी गोड बोलत्यात पद्मे. तू तर लईच गोड. बसा आण्णा, झोपा आण्णा, काय पायजे आण्णा. रोज कुणीतरी आत येतंय आणि मला सांगतंय, बाळगोंडा, तू संपलास. म्हशी इकल्यास. मला इचारलंस?"

"तुमच्यासाठीच केलं ना सगळं!"

"व्हय. समदं माझ्यासाठी. माझ्याकडनं काय पायजे हाय काय तुला? काय बी न्हाई." ते दंडावरच्या चकतीला बोट लावून बोलत होते. "खरं सांगू? खुबा आता एवढा दुखत न्हाई. पण ह्यातलं औषध आत उतरलं की कोणतरी पाठीवर हात ठेवल्यागत वाटतंय. त्यापायी मी हिची वाट बघतो."

पद्मजा ढसाढसा रडली. आण्णांपुढं नाही, जिन्यात जाऊन. तिला आण्णांचा राग आला, यंत्राचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. असं रडून झाल्यावर ती यास्मिनकडं गेली.

"मॅडम, मी घर सोडतो. मी नसलो की आकडा उतरेल."

"वेडी आहेस का? तू गेलीस की ते आणखी एकटे." यास्मिननं तिला दटावून बसवलं. "आधी हे ऐक. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीचा निरोप आलाय. अकरा जणांचे आकडे असेच राहिले तर रेघेची वाट न बघता सगळ्यांना पुण्याला हलवा म्हणतायत. आणि ती माणसं मला काही सांगत नाहीत. काय दुखतंय विचारलं की म्हणतात, बरं हाय. लाजतात. मी डॉक्टर पडले."

पद्मजा घरी परतली. दारातून आत आली, आणि या वेळी तिनं दंडाकडं बघितलं नाही. सरळ खाटेवर आण्णांच्या पायाशी बसली आणि तोंडात जे आलं ते बोलून टाकलं.

"आण्णा, माझं डोकं चालंना झालंय. तुमच्यासकट अकरा माणसं हायत. त्यांना पुण्याला न्यायला निघाल्यात. आमच्याशी कुणी खरं बोलत न्हाई. माझ्यानं हे होईना. मला मदत पायजे."

आण्णांनी तिच्याकडं रोखून बघितलं. "पुन्यांदा नाटक करतीस काय?"

"न्हाई ओ! माझी खरंच वाट लागल्या!"

आण्णा उठून बसले. "ही माणसं दवाखान्यात येत्यात कवा?"

"मंगळवारी. चकती तपासायला."

"मंगळवारी मला घेऊन चल. आणि तू गप बसायचं."

मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात दहा माणसं बसली होती, पण एकमेकांकडं पाठ करून. प्रत्येकाची बाही चकतीवर ओढलेली. आण्णा काठी टेकत आले, मध्यभागी उभे राहिले.

"काय, चोऱ्या करून आल्यासा काय समदी?" त्यांनी बाही वर केली. "हे बघा माझं. पंच्याहत्तर! हाय का कुणाचं जास्त?"

दोघातिघांनी बाह्या आणखी खाली ओढल्या. मग कोपऱ्यातून एक बाई फणकारली, "माझं सत्त्याहत्तर हाय. पंच्याहत्तर कसलं मिरवतोस रं?" त्या द्रौपदी सुतार. सगळे त्यांना आक्का म्हणायला लागले ते तेव्हापासून.

"सत्त्याहत्तर? मग तू म्होरक्या. ये, हितं मधी बस."

"माझा गुडघा मोडलाय. तूच ये हिकडं."

"माझा खुबा मोडलाय!"

"मग दोघं मरूया आपापल्या जागी," आक्का म्हणाल्या, आणि तो व्हरांडा जो हसला! नोकरी गेलेला माणूस हसता हसता डोळे पुसायला लागला आणि मग त्यानं आपली सगळी कथा सांगितली. आण्णांनी च्च च्च केलं नाही. "तुझा मालक गाढव आणि तू त्याच्याहून मोठा, त्याला तोंडावर का न्हाई बोललास?" असा सरळ हिशेब. आत काचेमागं पद्मजा आणि यास्मिन अकरा आकडे बघत होत्या. सगळे एकदम उतरत होते, सगळे!

"जाळ आणि धूर संगटच!" पद्मजा किंचाळली; कोल्हापुरात याहून मोठी दाद नाही. एरवी कुणाला हात न लावू देणाऱ्या यास्मिननं तिला धरून दोन गिरक्या घेतल्या. जनुकात काही नव्हतं, औषधात नव्हतं. व्यसन ज्या भोकातून आत शिरत होतं ते भोक आत्ता त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

मंगळवारचं रोज झालं. दवाखान्याच्या आवारात संध्याकाळी अकरा जणांचा कट्टा भरायला लागला. एकदम सगळं सोपं झालं असं मात्र नाही. औषध कमी होताना नाक गळायचं, घाम फुटायचा, पोटात मुरडा यायचा. बंद दुकान उघडायला शरीराला वेळ लागतो. एखाद्या दिवशी आकडा पुन्हा उसळायचा. मग आण्णा फोन करून शिव्या द्यायचे. त्यांना आता दम घ्यायला फुरसत नव्हती. पद्मजा घरी यायची तर आण्णा कुणाशी तरी फोनवर तंडत असायचे आणि तिला नुसतं हातानं 'थांब' करायचे. आकडा सत्तरच्या खाली आला होता. समितीनं पुण्याचं पुढं ढकललं, पण ऐंशीची रेघ होती तिथंच ठेवली. ओलांडली की कुलूप, कुणाचीही गय नाही.

आणि मग एका संध्याकाळी आक्का कट्ट्यावर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. फोन उचलेनात. यास्मिनच्या पडद्यावर त्यांचा आकडा अठ्ठ्याहत्तर होता आणि वर सरकत होता.

"गाडी काढ," आण्णा पद्मजाला म्हणाले.

आक्का रंकाळा तळ्यामागच्या एका जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर राहत होत्या. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उभा. "तुम्ही गाडीतच थांबा, मी बघून येतो," म्हणत पद्मजा पळतच वर गेली आणि थोड्या वेळानं तोंड पाडून खाली आली.

"दार उघडंनात. आतनं म्हणतात, दवाखान्यातलं कुणी नको. शेजारच्यांनी दंडावरची चकती बघितली, आण्णा. अफूवाली म्हणतात त्यांना. पोरांना त्यांच्या दारावरनं जाऊ देत न्हाईत."

आण्णांनी गाडीचं दार उघडलं आणि काठी बाहेर टाकली.

तो खुबा अजून एक मजला चढलेला नव्हता. असल्या कळांना पूरक औषध सोडणार, आकडा भडकणार, आणि ऐंशी लागलं की संपलं. आण्णा पुण्याला, बंद दाराआड. हे सगळं जमवलेलं मातीत. 'आण्णा, बसा' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिनं ते गिळले.

"चला," ती म्हणाली.

आण्णा चढायला लागले. एका हातात काठी, दुसरा कठड्याला. पद्मजा मागं, हातात फोन. सत्तर. त्र्याहत्तर. पहिल्या मजल्यावर आण्णांचा सदरा घामानं भिजला. शहात्तर. ते थांबले, भिंतीला डोकं टेकलं, तोंड पांढरं पडलेलं. अठ्ठ्याहत्तर. फोननं लाल होऊन थरथरायला सुरुवात केली. एकोणऐंशी.

पद्मजा रडायच्या बेतात होती. काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून भलतंच निघालं.

"एवढ्यात दमलासा? हिंदुराव काका असते तर आत्तापतुर वर जाऊन चहा पीत बसले असते."

आण्णांनी मान वळवली. डोळे वटारले.

"त्याचं नाव काढलंस? त्या बेण्याला चाळीचा उंबरा तरी चढाय येतोय का?" आणि काठी आपटत निघाले पुढं. "आली मोठी मला शिकवाय! बाजूला हो!"

सत्त्याहत्तर. त्र्याहत्तर. कळ तर वाढत होती, तोंडावर दिसत होती, पण आकडा उतरत होता. आण्णा कण्हत होते, हिंदुरावांच्या सात पिढ्या उद्धरत होते आणि चढत होते. वर पोचले आणि आक्कांच्या दारावर काठी हाणली.

"आक्के! दार उघड! मी चढून आलोय. कंबरडं मोडलंय माझं, हितं दारात मरतो बघ आता!"

"मर की तिकडं!" आतून आवाज आला. "तुला कुणी बोलावलंतं?"

"कुणी न्हाई. पाणी दे आधी, मग भांड."

कडी निघाली. आक्का दारात उभ्या होत्या, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आण्णा उंबऱ्यावरच धपकन बसले. "आणि च्या टाक. साखर जास्त."

"माझ्या हातचा च्या कुणी घेत न्हाई हितं आता," आक्का म्हणाल्या.

"मी गवळी हाय. कुठल्या बी दुधाचा च्या पितो. टाक लौकर, जीव चाललाय माझा."

आक्का भिंत धरत आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. शेजारची दारं किलकिली झाली, आणि आण्णांनी त्यांच्याकडं बघून दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या. "या की, अफूवाला बगाय! हितं बसलाय, फुकटात बगा!" दारं पटापट लागली. आतून आक्का फस्सकन हसल्या.

पद्मजाचा फोन वाजला. पडद्यावर सूचना होती, 'चकती निघाली आहे का? तपासा.' एवढी कळ आणि औषध शून्य, हे होऊच शकत नाही, असं तिनंच यंत्राला शिकवलं होतं. तिनं आण्णांचा दंड धरून बघितला. चकती घट्ट बसलेली. मग शून्यच होतं ते, शरीर सगळं स्वतःचंच बनवत होतं! तिनं यास्मिनला फोन लावला आणि नुसतीच ओरडत राहिली, "शून्य, मॅडम, शून्य!" पलीकडून यास्मिनही ओरडत होत्या, आक्कांचा आकडा पंच्याहत्तरच्या खाली आला म्हणून.

चहा झाला, भांडण झालं, उद्या कट्ट्यावर यायचं आक्कांनी कबूल केलं. अंगातली हुशारी ओसरली तसा आण्णांचा आकडा पुन्हा चढून चाळिसावर आला. तो चढणारच होता, एका दिवसात कुणी बरं होत नाही. जिन्याच्या तोंडाशी येऊन आण्णा थांबले. खाली बघितलं. काठी भिंतीला टेकवली.

"पद्मे, मला उतराय जमणार न्हाई. धर मला."

अपघात झाल्यापासून त्यांनी तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मागायच्या आधीच सगळं हजर असायचं. पद्मजानं त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा हात त्यांच्या कमरेला घातला, आणि दोघं खाली निघाली. आणि तिनं फोनकडं बघितलं. बघणारच की, इंजिनिअर आहे ती! चाळीस. अडतीस.

"आण्णा, पस्तीस!" ती आनंदानं ओरडली. "मी धरलंय आणि पस्तीस!"

"फोन खिशात घाल," आण्णा म्हणाले. "दोन्ही हातांनी धर."